शेवाळाला डोळे होते

माझ्या तेवीस वर्षांच्या नोकरीत मी तळ्याच्या नोंदवहीत दोन खोट्या नोंदी केल्या. पहिली न कळता, दर पावसाळ्यात, वर्षानुवर्षं. दुसरी एकदाच, पण पुरती कळून. ‘तुमच्या कामातले गमतीदार अनुभव लिहा,’ असा दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं तर गमती कुठल्या कुठे गेल्या आणि ह्या दोन नोंदी समोर येऊन बसल्या.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या जावेलाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. ती सगळ्यांना सांगायची, ‘आमच्या जाऊबाई तलाव सांभाळतात.’ जणू मी काठावर काठी घेऊन बसते.

शहराच्या पश्चिमेला, जिथे पूर्वी नुसते खडक आणि सीताफळाची झुडपं होती, तिथे बंगल्यांची एक मोठी वसाहत झाली. पूर्वी पाऊस पडला की जमीन पाणी प्यायची. आता छपरं, रस्ते, फरशा. पाणी जिरायला जागाच नाही, ते धावत सुटतं. म्हणून उताराच्या टोकाला एक तळं खणतात. धावतं पाणी आधी तिथे येतं, थांबतं, आणि तळाच्या एका पाइपातून सावकाश नाल्यात जातं. पाइपाच्या तोंडाला लोखंडी गज, पलीकडे चाक फिरवून उघडायचं शटर. भिंतीवर फुटांच्या खुणा. अगदी वर सांडवा, म्हणजे तळं भरलंच तर पाणी बाहेर पडायची वाट. हे तळं रिकामं असेल तरच कामाचं. भरून ठेवलं तर पुढचा पाऊस कुठे मावणार? म्हणून नियम असा की पाऊस थांबला की तीन दिवसांत तळं कोरडं. मी त्या वसाहतीची देखभाल करणाऱ्या कंपनीत पाण्याची सुपरवायझर. अंबरपेठेहून दोन बस बदलून रोज तिथे जायची आणि पाण्याला हाकलून द्यायची.

सांडव्याखाली जुन्या गावाची एक गल्ली होती. वसाहत नंतर आली, गल्ली आधीची. सांडव्यावरून पाणी गेलं की ते थेट तिथे शिरणार. शटर चालवणारा यादगिरी त्याच गल्लीत म्हाताऱ्या आईबरोबर राहायचा. त्याच्याइतका काळजीवाला शटरवाला मला दुसरा मिळाला नाही, आणि त्याचं कारण उघड होतं.

बंगलेवाल्यांच्या तक्रारींवर एक पुस्तक होईल. एक गृहस्थ वास्तुशास्त्राप्रमाणे तळं ईशान्येला हलवा म्हणून मागे लागले होते. मी म्हटलं, पाणी उताराचं ऐकतं, माझंही ऐकत नाही. दुसऱ्या एकांनी लिहून दिलं होतं की रात्री नऊनंतर बेडूक बंद करावेत. बंद! नळ असावा तसा. मी उत्तर दिलं की बेडूक कंपनीच्या मालकीचे नाहीत. मला तेव्हा माझ्या ह्या उत्तराचं फार कौतुक वाटलं होतं.

तळं कोरडं केलं की मधल्या खळग्यात हातभर पाणी उरायचं आणि त्यात काळा, दाट, थरथरता थर असायचा. आम्ही तो खराट्याने ओढून टोपल्यांत भरायचो आणि कचऱ्याच्या गाडीत टाकायचो. नोंदवहीत मी लिहायची, ‘शेवाळ काढले.’ खाली सही.

एका जूनमध्ये केतकी नावाची मुलगी काठावर येऊन उभी राहिली. पुण्याची, आयटीतली, नुकतीच राहायला आलेली. मी मराठी आहे म्हटल्यावर पहिल्या दिवसापासून मला काकू म्हणायला लागली. बूट काढून खाली उतरली, टोपलीत हात घातला आणि ओंजळ माझ्या नाकापुढे धरली.

‘‘काकू, हे शेवाळ नाहीये. याला डोळे आहेत.’’

मी चष्मा वर केला. तिच्या ओंजळीत काळ्या उडदाएवढे जीव शेपट्या हलवत होते. भेकाची पिल्लं, टॅडपोल. शेकड्यांनी. आणि टोपल्या किती होत्या? आणि वर्षं किती?

रात्री ओरडणाऱ्या बेडकांच्या तक्रारींना मी ऐटीत उत्तरं देत होते आणि सकाळी त्यांचीच पिल्लं खराट्याने लोटत होते. त्या दिवशी मला डबा गेला नाही. यादगिरीही टोपलीशी उकिडवा बसून राहिला. नंतर म्हणाला, ‘‘मॅडम, अम्मा को नक्को बोलना.’’ त्याच्या गावाकडे पाऊस ओढ देतो तेव्हा बायका कप्पतल्ली काढतात. कप्पा म्हणजे बेडूक, तल्ली म्हणजे आई. मुसळाला बेडूक बांधून घरोघर जायचं, प्रत्येक घरच्या बाईने त्याच्यावर पाणी ओतायचं, मग पाऊस येतो. त्याची आई त्या बायकांची पुढारीण होती.

पुढच्या पावसानंतर काठच्या गवतात पुन्हा अंडी दिसली, काळ्या मण्यांच्या पोतीसारख्या लांब माळा. केतकी रोज सकाळी ऑफिसआधी तिथे हजर. तिने पुस्तकं वाचून सांगितलं की पाय फुटून बाहेर पडायला यांना महिनाभर तरी पाणी हवं. महिना! आणि माझा नियम तीन दिवसांचा. मी मॅनेजरसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘डास झाले नाहीत आणि पाणी दोन फुटांच्या वर गेलं नाही तर मला काही माहीत नाही.’’ साहेब लोकांची परवानगी अशीच असते. यश आलं तर त्यांचं, नाही तर तुमचं.

आम्ही दोन फूट पाणी राखलं. जरा पाऊस झाला की यादगिरी शटर बोटभर उघडायचा, पाणी दोन फुटांवर आणून पुन्हा मिटायचा. चोवीस दिवस आम्ही असं केलं. मी रात्री अंबरपेठेत पावसाचा आवाज आला की उठून बसायची. नवरा म्हणायचा, ‘‘पोरांच्या तापातसुद्धा तू इतकी जागली नव्हतीस.’’ पंचविसाव्या दिवशी पिल्लांना मागचे पाय दिसले. केतकी काठावर नाचली. मी नाचले नाही, पण घरी जाताना वाटेत कोठीच्या स्टॉपला उतरून जिलेबी घेतली.

सव्विसाव्या दिवशी दुपारी इशारा आला: उद्या संध्याकाळपासून अतिवृष्टी.

विचार करण्यासारखं काही नव्हतं. तळं रिकामं करायलाच हवं होतं. पण शटर पुरतं उघडलं की पिल्लं पाण्याबरोबर पाइपात ओढली जाणार आणि नाल्याच्या सांडपाण्यात जाणार. केतकीचे डोळे भरून आले होते. मी म्हटलं, थांब. आणि मला ती युक्ती सुचली. गजांवर मच्छरदाणीची जाळी बांधायची. पाणी जाईल, पिल्लं खळग्यात राहतील. उद्या पावसाआधी जाळी काढायची. पावसाचं नवं पाणी आलं की ती मोकळी. यादगिरीने गजांना सुतळीने जाळी बांधली. रात्रीपर्यंत तळं उतरलं. खळग्यात हातभर पाणी आणि त्यात आमचं सगळं गोकुळ. घरी जाताना मला वाटलं, एकोणीस वर्षांत प्रथमच आपण काही शहाणपणाचं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी काढायची राहून गेली.

संध्याकाळचा पाऊस दुपारी साडेबाराला आला. असा की काठावरून समोरची भिंत दिसेना. शटर सताड उघडं होतं, मला काळजी नव्हती. दहा मिनिटांनी भिंतीवरच्या खुणेकडे बघितलं. दोन फूट. ठीक. आणखी दहा मिनिटांनी चार. शटर उघडं असताना पाणी इतकं चढत नाही. मी धावत पलीकडे नाल्याच्या बाजूला गेले. पाइपातून धबधबा पडायला हवा होता. मनगटाएवढी धार पडत होती.

मला क्षणात कळलं. वसाहतीतली सगळी बोगनवेल, पानं, चिप्सच्या पिशव्या, सगळं वाहत येऊन जाळीला चिकटलं होतं. पाइपाला बूच बसलं होतं आणि ते मी बसवलं होतं.

‘‘यादगिरी!’’

तो आधीच सदरा काढत होता. हातात विळा. मी म्हटलं, ‘‘नक्को रे, पानी बहुत है.’’

‘‘नीचे अम्मा है मॅडम. सो रही होगी.’’

त्याने कमरेला दोर बांधला. दोराचं दुसरं टोक दोघा माळ्यांनी आणि मी धरलं. पाणी पाच फूट, म्हणजे त्याच्या हनुवटीपर्यंत. गढूळ इतकं की गज दिसत नव्हते, हातांनी चाचपून शोधायचे. ह्या कामात सगळ्यात धोक्याची गोष्ट कोणती असं नव्या माणसाला मी नेहमी विचारायची. सगळे म्हणायचे, बुडणं. मी सांगायची, नाही, तुंबलेला पाइप. तो उघडला की पाणी खेचतं, आणि तेव्हा तोंडाशी उभ्या माणसाला सोडत नाही. हे मी शिकवायची. आणि आता त्याच तोंडाशी मी माझा माणूस उतरवला होता.

पाणी सहा फुटांवर गेलं. यादगिरी श्वास घ्यायला वर यायचा, पुन्हा खाली जायचा. एकदा ओरडला, ‘‘एक बाजू काटा!’’ सांडव्याच्या ओठाला पाणी लागलं. मग ते वरून जायला लागलं, आधी चादरीएवढं पातळ, मग जाड. खालून गल्लीतल्या बायकांच्या हाका ऐकू यायला लागल्या. मी तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोरावरचे हात सैल पडले असते.

आणि एकदम दोर ताठ झाला. जाळी सुटली होती. सुटलेली जाळी त्याच्या पायाला गुंडाळली गेली आणि पाणी त्याला घेऊन गजांवर आपटलं. डोकं दिसेना. आम्ही तिघं चिखलात पाय रोवून मागे पडलो, तरी दोर एक वीतही मागे येईना. माळी देवाचं नाव घेत होता. मी काय म्हणत होते मला आठवत नाही. काठावर धावत आलेली केतकी नंतर म्हणाली, तुम्ही त्याला शिव्या देत होता काकू.

मग दोर ढिला झाला. वाटलं, गेला. पण तो वर आला होता. विळ्याने त्याने पायाची जाळी कापली होती. पोटरी सालपटून निघाली होती, उजव्या हाताची दोन नखं उखडली होती. आम्ही त्याला वर ओढला. त्याने खोकून पाणी काढलं आणि सगळ्यात आधी मान वळवून सांडव्याकडे पाहिलं. पाणी उतरत होतं.

गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं होतं. माणूस कोणी गेलं नाही, पण सात घरांतलं धान्य आणि अंथरुणं भिजली. त्याच्या आईला शेजाऱ्यांनी उचलून कट्ट्यावर बसवलं होतं. पिल्लांचं म्हणाल तर एकूण एक पाइपातून गेली.

तिसऱ्या दिवशी ऑफिसात चौकशी झाली. कापलेली जाळी टेबलावर ठेवली होती. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, ‘‘पाइपाच्या तोंडाला ही जाळी कोणी लावली?’’ माझं तोंड उघडलं होतं. मी शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण माझ्याआधी यादगिरी बोलला.

‘‘मैं बांधा साब. मछली पकडने कू.’’

त्या तळ्यात मासळी औषधालासुद्धा नव्हती. साहेबांना ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. मग नोंदवही पुढे आली आणि मी लिहिलं, ‘कामगाराने मासे पकडण्यासाठी लावलेली जाळी काढली.’ खाली सही.

बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, ‘‘काइकू ऐसा बोला?’’ तो म्हणाला, ‘‘तुम गए तो ये लोगां तालाब कू सिमेंट मारते. फिर कप्पे कहां जाते?’’ त्याला कामावर ठेवणाऱ्या ठेकेदाराने दुसऱ्या दिवसापासून त्याला येऊ नको म्हणून सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तळ्याचा एक कोपरा पाइपाच्या पातळीपेक्षा दोन हात खोल खणून घेतला. आता शटर कायम उघडं राहिलं तरी त्या कोपऱ्यात पाणी टिकतं, आणि सांडवाही सुरक्षित राहतो. काठाला दगड रचून पिल्लांना चढायला उतार केला. इतकं सोपं होतं ते. जुलै संपता संपता नखाएवढी भेकं दगडांवरून रांगेने वर चढताना बघितली आणि मला रडू आलं. वसाहतीने माझा सत्कार केला, शाल दिली, बेडकाबरोबर फोटो काढला. भाषणात मी सगळ्यांचे आभार मानले. एक नाव सोडून.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली, त्या दिवसाला सहा. हे सगळं इथवर लिहून झाल्यावर वाटलं, छापायच्या आधी त्याला दाखवलं पाहिजे. यादगिरी हल्ली दिलसुखनगरला एका अपार्टमेंटच्या पाण्याच्या मोटारी सांभाळतो. एका रविवारी पंपाच्या खोलीत, उलट्या बादलीवर बसून, मी त्याला हे सगळं आमच्या दखनी हिंदीत वाचून दाखवलं. तो मोटारीकडे बघत ऐकत होता. जिलेबीला हसला. दोराच्या ठिकाणी त्याने नखं नीट न आलेली दोन बोटं चोळली. वाचून झालं तशी मी वही मिटली.

‘‘बोल रे. कुछ गलत है?’’

‘‘सब सही है मॅडम. एक जगह तुम लिखे, जाली निकालना रह गया.’’

‘‘हौ.’’

‘‘रह नहीं गया. सुबह आठ बजे मैं पानी में उतरा था निकालने कू. बादल काले थे. तुम ऊपर से बोले, रहने दे रे, शाम तक क्या बिगडता.’’

मोटार चालू होती. मला ते वाक्य माझ्याच आवाजात ऐकू आलं. केतकी शेजारी उभी होती, पिल्लं खळग्यात खेळत होती, आणि मला अजून थोडा वेळ ती बघायची होती. सहा वर्षं मी हे विसरले नव्हते. विसरल्याचं सोंग इतकं नीट केलं होतं की कबुली लिहायला बसले तरी ते उतरलं नाही. म्हणून वरचं ते वाक्य मी खोडलेलं नाही. तसंच राहू दे. माझी तिसरी खोटी नोंद.

‘‘अब लिखती मैं,’’ मी म्हटलं.

‘‘लिखो. मगर मराठी में लिखे तो मेरी गल्ली में कौन पढता?’’ तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. ‘‘उन लोगां आज भी बोलते, मछली के वास्ते यादगिरी गल्ली डुबाया. अम्मा भी बोलती.’’

आईसुद्धा. हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

पुढच्या रविवारी मी त्या गल्लीत गेले. नोकरीच्या इतक्या वर्षांत सांडव्यावरून ती रोज बघितली होती, आत पाय कधी ठेवला नव्हता. म्हातारी दाराशी सावलीत बसली होती, यादगिरी तिच्या मागे उंबऱ्यात उभा होता. मी समोर जमिनीवर बसले आणि मला येते तेवढ्या तेलुगूत सांगितलं. जाळी मी बांधायला लावली. मासे नव्हते, बेडकाची पिल्लं होती. सकाळी तुमचा मुलगा काढायला गेला होता, मी त्याला थांबवलं. त्याने माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि मी सांगू दिलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मुलाकडे एकदा पाहिलं. तो दुसरीकडे बघत होता. मग काठी टेकत उठली आणि तेलुगूत म्हणाली, ‘‘पाणी सात घरांत गेलं होतं. चल.’’

ती पुढे, मी मागे. पहिल्या घरी तिने हाक मारून बाईला बाहेर बोलावलं आणि माझ्याकडे बोट केलं. मी सुरुवातीपासून सांगितलं. दुसऱ्या घरी पुन्हा सुरुवातीपासून. एका ठिकाणी एक तरुण बाई खूप बोलली, भिजलेल्या तांदळाचं, लेकराच्या तापाचं. मी उभी राहून ऐकलं. मध्येच मी ‘सकाळी काढायला गेला होता’ हे सांगायचं विसरले, तर म्हातारीने काठीने माझ्या पायाला टोकलं.

सातव्या घरापर्यंत घसा कोरडा पडला होता. तिथल्या बाईने न विचारता आतून तांब्याभर पाणी आणलं आणि माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला. मग मागे घेतला, आधी सगळं सांगितलं, आणि नंतर प्यायले.